सातवा अ‍ॅम्प्लिफायर आणि भिवापुरी मिरची

कान असलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माझा मोठा साडू. बाकी आपण सगळे चष्म्याच्या काड्या अडकवायला आणि बायकोनं सांगितलेलं एकीकडून घेऊन दुसरीकडून सोडून द्यायला दोन कान बाळगतो. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान रेल्वेत होते. गाडी नागपूर स्टेशनात थांबली की लांब दांड्याची हातोडी घेऊन प्रत्येक चाकावर ठोका मारत जायचं, आणि चाक धड आहे की त्याला तडा गेलाय हे आवाजावरून ओळखायचं, हे त्यांचं काम. खिडकीतले प्रवासी चहा पिण्यात दंग असत. आपला जीव आत्ता एका माणसाच्या कानावर तोललेला आहे, याची त्यांना कल्पनाही नसे. मी मात्र फलाटावर उभा राहून ते पाहिलं आहे आणि मनातल्या मनात हात जोडले आहेत. उघड जोडले असते तर ते म्हणाले असते, "आधी प्लॅटफॉर्म तिकीट काढलं का गा?"

ठोका मारून पाहण्याची ही सवय स्टेशनावर ठेवून घरी येणं त्यांना कधी जमलं नाही. हॉटेलात चहा आला की आधी कपाला नखानं टिचकी. उन्हाळ्याच्या तोंडाशी माठ घ्यायचा म्हणजे आमचं अख्खं खानदान त्यांना पुढं घालून बाजारात जाई. ते ओळीनं माठ वाजवत चालत आणि कुंभारीण कपाळाला हात लावून बसे, कारण त्यांनी नाकारलेला माठ मग दिवसभर कुणी घेत नसे. माझ्या लग्नात मी पाया पडायला वाकलो तेव्हा त्यांनी पाठीवर आशीर्वादाची थाप मारली, क्षणभर मान तिरकी करून ऐकलं आणि सासऱ्यांना सांगितलं, "पोकळ आहे, पण तडा नाही. चालते." तेवढ्या शिफारशीवर माझा संसार उभा आहे.

मी त्यांना भाऊ आणि त्यांच्या बायकोला ताई म्हणत असे. ड्यूटीवरून प्रताप नगरातल्या घरी आले की भाऊ आणि ताई समोरच्या खोलीत रेडिओजवळ बसत. मूलबाळ नव्हतं. बोलणंही फार नसे. गाणी संपेपर्यंत दोघं शेजारी शेजारी बसून राहत, एवढंच. कोणी पाहुणा मध्येच आला तर ताई त्याला खुणेनंच पाट दाखवीत. चहा गाणं संपल्यावर. मग ताईंनी लहानाचा मोठा केलेला त्यांचा धाकटा भाऊ, म्हणजे आमचा मेव्हणा, जहाजावर नोकरीला लागला आणि सिंगापूरहून बहिणीसाठी स्पीकरची जोडी घेऊन आला. भाऊंनी रेकॉर्ड प्लेअर घेतला, सीताबर्डीच्या एका रेडिओ मिस्त्रीकडून अ‍ॅम्प्लिफायर करून घेतला आणि सगळ्या नातलगांना तर्रीपोहे खायला बोलावून उद्घाटन केलं.

आवाज लख्ख होता. फारच लख्ख होता. बाई गाताना 'स' म्हणाली की सुई कानात शिरे आणि झांजा वाजल्या की त्या थेट दाढेत वाजत. आम्ही "वा वा" म्हणालो, कारण पोहे खाल्ले होते. ताई मात्र दुसऱ्या कडव्याला कानावर पदर घेऊन उठल्या. "लय टोचते जी," त्या म्हणाल्या, "मी सैपाकाचं पाहते." त्या दिवसापासून ताई स्वयंपाकघरात आणि भाऊ समोरच्या खोलीत एकटे, असं सुरू झालं. रेडिओ परत लावावा तर मेव्हण्याला काय वाटेल, आणि भाऊंसारख्या माणसानं आवाजापुढं हार मानली असं नागपुरात व्हायचं होतं का?

"स्पीकर खोटं बोलत नाही गा," भाऊंनी मला समजावलं. "त्याले जे खाऊ घातलं तेच तो बोलून राहिला. खाऊ घालणारा बदलाले लागते."

म्हणून अ‍ॅम्प्लिफायर बदलणं सुरू झालं. मिस्त्री एकेक करून आणी आणि भाऊ तो आठवडाभर ऐकून परत पाठवीत. दुसरा व्हॉल्व्हचा होता. आवाज जरा मऊ आला, पण मे महिन्याच्या नागपुरात ती पेटलेली शेगडी घेऊन बसणार कोण? तिसऱ्यात भुंगा गुणगुणत असे. चौथ्यातली बाई घोंगडी पांघरून गायची. पाचवा, सहावा पुन्हा सुया. दर वेळी माझंही मत विचारलं जाई. एकदा मी डोळे मिटून बराच वेळ ऐकलं आणि म्हणालो, "हा जरा मोकळा वाटतो, भाऊ." ते शांतपणे म्हणाले, "अजून चालू केला नाही गा." खरा निकाल ताईंच्या हातात होता. "जरा येऊन बस वं," अशी हाक जाई. ताई पदराला हात पुसत येऊन बसत. भाऊ त्या वेळी यंत्राकडं पाहतच नसत. ते ताईंकडं पाहत. ताई तिसऱ्या कडव्याला उठल्या की अ‍ॅम्प्लिफायर नापास. पण उठून जाणाऱ्या ताईंच्या पाठीकडं ते ज्या नजरेनं पाहत, ती मी तडा गेलेल्या चाकासमोरही पाहिली नव्हती.

आवाज शुद्ध मिळावा म्हणून त्यांनी उद्घाटनाच्या आधीच खोलीही शुद्ध केली होती. "चाक ठोकून पाहाचं तं त्याले काही टेकलेलं नसावं," हा त्यांचा आयुष्यभराचा नियम. पडदे काढले, दिवाणावरची गादी काढली, सतरंजी गेली, शेवटी भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा गेलं. उरली चिपची फरशी, उघड्या भिंती आणि दोन लोखंडी खुर्च्या. त्या शास्त्रशुद्ध उजाडपणाचा माझ्यावर एवढा प्रभाव पडला की थंडीत मी बाहेरच स्वेटर काढून, कुडकुडत आत जाऊ लागलो.

मी शेतकी खात्यात कारकून. कामानिमित्त भिवापूरला जाणं होई, आणि दर मार्च-एप्रिलात सगळ्या नातलगांची वर्षाची मिरची माझ्या हातून येई. त्या वर्षी माझ्या घरी रंगकाम चाललं होतं, म्हणून मिरचीची आठ पोती मी ताईंच्या समोरच्या खोलीत भिंतीला लावून ठेवली. भाऊ तेव्हा ड्यूटीवर होते. संध्याकाळी ते आले, आणि त्यांच्या पाठोपाठ मिस्त्री सातवा अ‍ॅम्प्लिफायर घेऊन आला.

"हे काहून?" पोत्यांकडं बोट दाखवून भाऊंनी विचारलं.

"दोन दिवस," मी म्हणालो.

ताईंनी एका पोत्याचं तोंड सोडून फरशीवर चादर अंथरली होती आणि त्या मिरच्यांचे देठ तोडत बसल्या होत्या. त्यांना उठवायचं कसं? मिस्त्रीनं तारा जोडल्या. नाकाला रुमाल बांधून आम्ही तिघं बसलो आणि रेकॉर्ड लागली.

काय सांगू? तोच गळा, तेच गाणं, पण बाई पहिल्यांदाच आमच्या खोलीत येऊन बसल्यासारखी वाटली. 'स' आला आणि हळूच निघून गेला. झांजा दाढेतून उठून आपापल्या जागी जाऊन वाजल्या. माझ्या डोळ्यांना धार लागली. त्यातली मिरचीची किती आणि गाण्याची किती, हे मला आजही सांगता येणार नाही. पहिलं कडवं झालं, तिसरं झालं, बाजू संपली. ताई मान खाली घालून देठ तोडतच होत्या. सुई वर उठली तेव्हा म्हणाल्या, "दुसरी बाजू लावा जी."

मी मिस्त्रीची पाठ थोपटली. भाऊ उठले, एका पोत्याजवळ गेले आणि त्यावर बोटाच्या पेरानं टकटक केलं. धप्प असा बोदा आवाज आला. ते बराच वेळ तिथं मान तिरकी करून उभे होते. मला वाटलं, सवय.

आठ दिवसांत पोती ज्याच्या त्याच्या घरी गेली. पुढच्याच आठवड्यात भाऊ म्हणाले, "भिवापूरले गेला तं माह्यासाठी दोन पोती आणजो."

"दोन माणसांना दोन पोती?"

"मले तिखट लागते."

तेव्हापासून दर वर्षी दोन पोती. स्पीकरच्या दोन बाजूंना ती मानकऱ्यांसारखी उभी असत आणि ताई संध्याकाळी मधोमध चादरीवर बसून देठ तोडत, भाऊ त्यांच्या शेजारी. पडदे मात्र परत लागले नाहीत. सातव्या अ‍ॅम्प्लिफायरची कीर्ती मी ऑफिसभर, मोहल्लाभर गायली. माझ्या शब्दावर चार जणांनी तसाच करून घेतला आणि चौघांनीही नंतर माझ्याशी बोलणं कमी केलं.

भाऊ जाऊन आता दोन वर्षं होतील. ते गेल्यावर काही महिन्यांनी यंत्र बंद पडलं म्हणून मी मिस्त्रीला ताईंकडं घेऊन गेलो. त्यानं झाकण उघडलं आणि हसला.

"हा सातवा नाही साहेब. हा माहा पहिला. सातवा तं भाऊंनी आठ दिवसांतच परत आणला. म्हणे, पहिलाच दे, त्याच्यात काही खोट नव्हती. अन् कोणाले सांगू नको म्हणे."

मी त्या दोन पोत्यांकडं पाहिलं; आवाजातल्या सुया गिळत होती ती हीच. गेल्या मोसमातली, अर्धी रिकामी. मिस्त्री तार जोडून गेल्यावर मी ताईंना म्हणालो, "एवढंच होतं तर भिंतीला दोन गोधड्या टांगल्या असत्या तरी भागलं असतं."

ताई हसल्या. "गोधडीचे देठ तोडा लागत नाही जी."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"मले काय समजत नव्हतं? दोन माणसं दोन पोती मिरच्या खातात का? मीबी सावकाशच तोडत होती."

मग त्यांनी रेकॉर्ड लावली आणि चादरीवर बसल्या. शेजारी भाऊंची जागा चादरीवर मोकळीच होती. मी लोखंडी खुर्चीवरच बसलो. बाजू संपत आली तेव्हा मान वर न करता त्या म्हणाल्या, "अवंदा भिवापूरले जासान तं दोन पोती आणजा. कमी नका आणू."