आत्याने ठेवलेलं नाव

माझ्या बहिणीला माझी मुलगी आवडत नव्हती, असं आमच्या घरात सगळे धरून चालतात. मुलगी स्वतःही. ते खरं नाही. बहीण गेली, बायको गेली, सांगायला मीच उरलो आहे.

मागच्या महिन्यात नातवाला, म्हणजे मुलीच्या मुलाला, अमेरिकेत मुलगी झाली. नातसून तिथल्या काळ्या लोकांतली. फोनवर बाळाचं नाव कळलं. लांबलचक, कुठे न ऐकलेलं. मी विचारलं, "याचा अर्थ काय रे?"

नातसून हसून काही बोलली. नातवाने मराठी केलं, "आबा, ती विचारतेय, तुमच्या नावाचा अर्थ तुम्ही कुणाला विचारला होता?"

मग तिने सांगितलं. तिच्या पूर्वजांना गुलामीत मालक नावं द्यायचे, गुरांना देतात तशी. सुटका झाली तरी ती पिढ्यान्पिढ्या चिकटून राहिली. पुढे लोकांनी नावं स्वतःच घडवायला घेतली. कुणी आफ्रिकेतलं घेतलं, कुणी अरबी, कुणी आईबापांच्या नावांचे तुकडे जोडले. "अशी नावं वाचून नोकरीचे अर्ज बाजूला टाकतात," ती म्हणाली. "तरी ठेवतो."

माझी मुलगी शेजारी बसून कौतुकाने ऐकत होती. मला तिचं स्वतःचं बारसं आठवत होतं.

ते सुरतेत, नवागामच्या भाड्याच्या खोलीत झालं. गावाकडे आमच्या लोकांना केर, शेण, दगड यांवरून नावं पडत. बहिणीचंही तसंच. आम्ही बौद्ध झालो, तरी ते सुटलं नाही. म्हणून भाचीसाठी तिने आमच्या आईच्या नावाचा तुकडा आणि विहारात ऐकलेला एक पाली शब्द जोडून नवं नाव केलं होतं. पाळण्यात वाकून तिने ते बाळाच्या कानात सांगितलं, मग मोठ्याने. समोर घरमालकीण बसली होती. तिला मी जात कळू दिली नव्हती. "ताई गंमत करतेय," असं म्हणून मी ज्याच्या कापडाच्या लूमवर कामाला होतो त्या शेठच्या मुलीचं नाव सांगून टाकलं आणि पेढे वाटले.

बायका गेल्यावर बहीण एवढंच म्हणाली, "शेठच्या पोरीचं उतरलेलं नाव घातलं का रे लेकीले?"

ते नाव तिने जन्मभर तोंडातून काढलं नाही. भाचीला "ए पोरी" म्हणायची. आत्या आपलं नावसुद्धा घेत नाही, हे मुलीच्या मनात लहानपणापासून सलत राहिलं. एकदा तिने कारण विचारलं, तर मी म्हणालो, "तिचा स्वभावच तसा."

परवा मी मुलीला सगळं सांगितलं. आत्याने ठेवलेलं ते नावही. तिने ते दोनदा हळू म्हणून पाहिलं. मी पुढे काही बोलणार, तोच ती म्हणाली, "आबा, मी आत्याच्या मातीला गेले नाही. निघाले होते. तुम्हीच म्हणालात, राहू दे."

मी तसं म्हणालो होतो.