मागची सीट

बोनकोड्याचा तो मेकॅनिक गिऱ्हाइकाकडे बघत नाही. मला काका म्हणतो, तेही पेट्रोलच्या टाकीकडे बघून.

बायकोच्या वर्षश्राद्धाला गावी जायचं होतं, तेही बाईकवरच. आम्ही दोघं सगळीकडे त्याच गाडीवर फिरलो. पण हल्ली चढाला इंजिन नुसतं ओरडायचं, गाडी पुढं सरकायची नाही.

"क्लच घसरतोय वाटतं. सपाटीला कळनार नाय. चढ पायजे, मागं वजन पायजे," म्हणत त्यानं मागच्या सीटवरची बॅग सोडली. बायको गेल्यापासून तिथं कोणी बसू नये म्हणून मी ती बांधून ठेवतो. "बसा काका."

"दुसऱ्या कोणाला तरी घे."

"घाटात गाडी तुमीच नेनार ना? दुसऱ्याला कळून काय उपेग?"

बसलो. बेलापूरच्या टेकडीवर इंजिन ओरडलं, गाडी रडत चढली. मला फक्त त्याच्या शर्टाची पाठ दिसत होती. घाटात मी बायकोला सारखा ओरडायचो, "समोर बघ, काय भारी दिसतंय!" ती "हो" म्हणायची.

"कळलं का काका?"

"मागून काही दिसत नाही."

"क्लचप्लेटा गेल्यात," तो टाकीला म्हणाला. "बदलतो. घाट चढल गाडी."

आणि बॅग होती तशी परत बांधून दिली.