विनायकची बाजू

मी मीटिंगमध्ये खोटं बोललो होतो. ज्याच्यावर ते शेकलं, तो आज सकाळी गेला.

विनायक.
डिचोली तालुक्यातल्या ज्या कॉलेजात मी मराठी शिकवायचो, तिथे तो भूगोलाला होता. माझ्याहून वीस वर्षांनी लहान. मी पर्मनंट, तो कॉन्ट्रॅक्टवर.

दहाएक वर्षांपूर्वी आम्ही दोघांनी मिळून एक कोर्स बांधला. दोन विषय, एक वर्ग, आणि पूर्ण टर्मभर एकच प्रश्न: गावातली बंद पडलेली खाण परत सुरू व्हावी की नको?

नियम विनायकचा होता.
स्वतःची बाजू मांडायची नाही. समोरच्याची मांडायची. त्याच्या घरी जायचं, जेवायचं, ऐकायचं. मग वर्गात उभं राहून ‘मी’ म्हणत त्याच्या वतीने बोलायचं.
ज्याची बाजू, त्याला पटलं तर तो हात वर करणार.
हात वर गेला नाही तर मार्क नाहीत. परत जायचं, परत ऐकायचं.

समीक्षाच्या घरचे चार ट्रक खाण बंद झाल्यापासून अंगणात उभे होते. रूपेशच्या शेतात त्याच खाणीची लाल माती उतरलेली. विनायकने मुद्दाम या दोघांची जोडी लावली.

समीक्षा तीन वेळा बोलली. मुद्देसूद, स्वच्छ. माझीच विद्यार्थिनी ती.
रूपेशचा हात मेजावरच.

"काय चुकलं रे माझं?" ती रडकुंडीला आली.
"चुकूंक ना गो. पण इतकें तर पेपरात पण येता."

चौथ्या वेळी ती एवढंच बोलली:
"पाऊस सरला की माझी आई शेतात जाते. कापणीला नाही. माती कुठवर आली ते बघायला. घरी येऊन काही बोलत नाही. आम्ही पण विचारत नाही."
हात वर गेला.

मग रूपेश उठला.
"माझे बाबा रोज सकाळी चारही ट्रक स्टार्ट करतात. थोडा वेळ इंजिन ऐकतात. बंद करतात. मग चहा घेतात."
त्याचं बोलणं संपायच्या आधी समीक्षाचा एक हात वर होता. दुसऱ्याने तिने तोंड झाकलं होतं.

मी जनेलाच्या गजांशी उभा होतो. उपमा, रूपक, उत्प्रेक्षा शिकवण्यात जन्म गेला. त्या दिवशी त्यातलं काहीच नव्हतं, आणि मला बाहेर बघावं लागलं.

पुढे तक्रारी आल्या. कोणी म्हणालं, पोरांना खाणीविरुद्ध भडकावतात. कोणी म्हणालं, हे खाणवाल्यांचे एजंट. दोन्ही एकाच आठवड्यात.
विनायक हसला. "सर, दोन्ही बाजू बरोब्बर पोचल्या म्हणायच्या!"

मग कॉलेजच्या मॅनेजमेंटची मीटिंग.
"हा खाणीचा प्रश्न निवडला कोणी?"

मी.
पेडण्याहून येताना बसमध्ये मीच सुचवला होता. विनायक बिचकला होता. "सर, मी कॉन्ट्रॅक्टवर. दुसरं काय तरी घेऊया. बाजार घेऊया."
मी म्हटलं होतं, "मी आहे ना रे!"

मीटिंगमध्ये मी म्हणालो, "मी फक्त भाषा तपासली."

विनायकने माझ्याकडे पाहिलं. एकदाच.
"होय. सरांचं काम भाषेपुरतंच. दोन वर्षांत रिटायर होणार ते. घरी आजारपण आहे. त्यांना यात ओढू नका."

माझी बाजू मलाही इतकी चांगली मांडता आली नसती.
नियमाप्रमाणे मी हात वर करायला हवा होता. मी चष्मा पुसत राहिलो.

कोर्स बंद झाला. जूनमध्ये त्याचं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू झालं नाही. त्यानंतर कुठल्याच कॉलेजात नाही. म्हापशात ट्यूशन्स घ्यायचा, ऊन असो पाऊस असो, स्कूटरवर.

भेटला की स्वतःहून विचारायचा, "सर, सध्या कुठली कविता?"
मी म्हणून दाखवायचो. तो ऐकायचा.
दहा वर्षं आम्ही सगळं बोललो. ते एक सोडून. त्याच्या घरी गेलो की बायको नेहमीसारखा चहा पुढे करायची; तिला ते ठाऊकच नव्हतं.

आज दुपारी स्मशानात कोणीतरी म्हणालं, सर, चार शब्द बोला.

बोललो. मावळता सूर्य, घरट्याकडे परतणारी पाखरं, अर्ध्यावर थांबलेलं गाणं. डोक्यावर दोनचं ऊन होतं.

लहानपणी पार्से गावच्या शाळेत आम्ही कविता चालीवर म्हणायचो. शब्द विसरला तरी चाल पुढे ओढून नेते. मास्तरांना पत्ता लागत नाही.

रूपेशला लागला.
अगदी समोर उभा होता. तिशीतच केस पांढरे व्हायला लागलेत त्याचे. हळूच म्हणाला, "सर, हात वर वचना." जात नाही म्हणे.

आमच्याकडे बायका स्मशानात येत नाहीत. समीक्षा आली होती. ती म्हणाली, "परत सांगा सर."

बाकीच्यांना काही कळलं नाही.
परत सुरुवात केली.

"मी विनायक. खाणीचा प्रश्न माझा नव्हता. मी नको म्हणत होतो. सर म्हणाले, मी आहे ना. मीटिंगमध्ये सर नव्हते. माझी नोकरी गेली. मी घरीसुद्धा सरांचं नाव सांगितलं नाही."

रूपेशचा हात अर्धा वर आला आणि थांबला. मग खाली गेला.
नियम आठवला असणार. ज्याची बाजू, त्याचाच हात.

तो तर समोर लाकडांखाली होता.

घरी आलो, आंघोळ केली, आणि हे लिहायला बसलो. स्मशानात पंधरा-वीसच माणसं होती. त्या मीटिंगमधली माणसं इथे माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहेत. त्यांनीही वाचावं.
उद्या विनायकच्या बायकोकडे जाऊन तिच्यासमोर हेच बोलणार आहे. चाल न लावता.

विनायका, ही तुझी बाजू. दहा वर्षं उशिरा.
फुलं वाहायला माझा हात उचलला नाही. श्रद्धांजली म्हणून हेच ठेवून घे.
जा बाबा आता.