कोरडा हात

क्रांती चौकात मोबाइलला स्क्रीनगार्ड लावून देणारा विशीतला एक जण माझ्या ओळखीचा आहे. नाव कधी विचारलं नाही. सैन्यभरतीत तो पळण्यात पास झाला, पण तळहाताला फार घाम येतो म्हणून डॉक्टरांनी नापास केलं. त्यानं फेरतपासणी मागितली. तेव्हापासून काम झालं की तो पँटला हात पुसतो आणि गिऱ्हाइकापुढं धरतो.

"खरं सांगा काका, वला लागतो का?"

"लागतो," म्हटलं की मान हलवून पंख्यापुढं हात धरतो. रागावत नाही.

काल म्हणाला, "उद्या बोलावलंय." त्यानं पुढं केलेला हात मी हातात घेतला. चिंब होता.

"कोरडा आहे," मी म्हणालो.

चौक ओलांडेपर्यंत मी माझा हात पुसला नाही. तो बघत असणार.