आत्याबाईंच्या गळ्यातला टाक

भूतखेत, अंगात येणं, देवऋषी… असल्या गोष्टींना मी पहिल्यापासून नाक मुरडणारी. मुलींच्या शाळेत चार बुकं शिकले होते ना! कल्याणला आले ती दुसरेपणावर. रीतीप्रमाणे ह्यांच्या वारलेल्या पहिल्या बायकोचा टाक, म्हणजे तिच्या नावाची चांदीची ठसकेवजा प्रतिमा, गळ्यात घातली, एवढंच. तिची चिमी मात्र मला आई म्हणायची, आणि माझीच होती.

घरात राज्य ह्यांच्या आत्याबाईंचं. पहिलीचं दुसरं बाळंतपण अडलं तेव्हा हे ठाण्याला कचेरीत. "परपुरुष बाळंतिणीला हात लावणार नाही" म्हणून आत्याबाईंनी डॉक्टरला ओसरीवरूनच परतवलं आणि खोलीला बाहेरून कडी घातली. "दार उघडा, दार उघडा" ओरडत ती बिचारी गेली. शेजारच्या काकूंनी हे सांगितल्यापासून आत्याबाईंचं तोंड पाहिलं की माझं पित्त खवळायचं.

मग चिमीचं डोकं दुखायला लागलं. सकाळी उठली की ओकारी, चालताना झोक जायचा, एक डोळा तिरळा झाला. आगगाडीनं ठाण्याला नेली. डॉक्टरांनी आरशानं डोळ्यांत उजेड पाडून पाहिलं — "मेंदूत ट्यूमर आहे. गाठ. डोळ्यामागची शीर सुजलीय. ह्याला इलाज नाही."

घरी आलो तर आत्याबाई जपमाळ ओढत म्हणतात, "आई नेतेय लेकीला. नेऊ दे. तुला पोटची होईल की."

माझं डोकंच फिरलं! भरदुपारी, ह्यांच्या देखत, टाक दोऱ्यासकट काढला आणि आत्याबाईंच्या गळ्यात घातला. "ताई," मी टाकाकडे बघून ओरडले, "तुला कोंडून मारलं ती ही! न्यायचं तर हिला ने. माझ्या लेकराला हात लावशील तर खबरदार!"

दुसऱ्या दिवशी चिमीनं मऊ भात मागितला. ओकारी नाही. हळूहळू डोळा सरळ झाला. डॉक्टरांनी पुन्हा आरसा धरला… "सूज गेली कुठे? मी स्वतः पाहिली होती हो!"

आणि आत्याबाई? डोकं धरून बसल्या. सकाळी ओकारी, चालताना झोक. मी डॉक्टर बोलावला — मुद्दाम. ह्या खेपेला कोणी परतवला नाही. पण तो आत आला आणि त्या किंचाळायला लागल्या, "दार उघडा! अगं, दार उघडा!"

दार सताड उघडं होतं. चिमीला कडेवर घेऊन मी उंबऱ्यातच उभी होते. "उघडंच आहे, आत्याबाई," मी म्हटलं. त्यांना ते दिसेना. तशाच ओरडत गेल्या.

हे कसं झालं ते डॉक्टरांना सांगता आलं नाही, मला तर नाहीच. टाक परत माझ्या गळ्यात आहे. रोज सकाळी त्याला कुंकू लावते. काकू विचारतात, "आत्याबाईंचं वाईट नाही गं वाटत?"

नाही. काडीचंही नाही वाटत.