बोटाला कळलेला राजा

"सार, चौपन्न पत्ते. जेवणाआधीच झाले," असं म्हणत कंप्युटरवर डिझाइन करणाऱ्या काव्याने स्क्रीन माझ्याकडे वळवली. राजे, राण्या आमच्या तंजावूर पेंटिंगसारखे गोल चेहऱ्याचे, सोनेरी. सगळे एआयने काढलेले. माझा पहिला राजा तीन दिवस नुसता वाळतच होता.

क्लायंट रावसाहेब, आमच्यासारखेच इथले मराठी. वडिलांच्या सदाभिषेकाला, म्हणजे ऐंशी पूर्ण झाल्याच्या सोहळ्याला, पाहुण्यांना पत्त्यांचे कॅट वाटायचे होते. मॅनेजरने मला स्पष्ट सांगितलं, "शुक्रवारी दोन्ही सॅम्पल दाखवू. तुमचं नापास झालं तर हँडवर्कचं टेबल बंद."

मी इरेला पेटलो. खडूची पूड डिंकात कालवून राजा, राणी, गुलाम अशा बाराही चित्रांचे वेगवेगळे मुकुट फुगीर उठवले, वर सोन्याचा वर्ख लावला. माझे वडील गंजिफा करायचे, म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते. डिंकाचा वास आला की मला अजून ते ओसरीवर मांडी घालून बसलेले दिसतात.

शुक्रवारी रावसाहेबांबरोबर त्यांचे वडील, खुद्द अप्पाच आले. माझे पत्ते पाहून म्हणाले, "अगदी तुझ्या बापाचा हात. बसा, खेळूनच बघू."

माझी बारा चित्रं बाकीच्या साध्या पत्त्यांत मिसळली आणि रमी सुरू झाली. अप्पांनी ओळीने तीन डाव जिंकले.

"अप्पा, आज नशीब जोरात आहे," रावसाहेब म्हणाले.

"नशीब कसलं दा? मज बोट सांगतं." गड्डीवरच्या उपड्या पानाखाली त्यांनी बोट सरकवलं. "हा राजा."

पान उलटलं. राजाच होता.

माझे कान तापले. वडिलांनी गंजिफावर कधीच उठाव केला नव्हता. रंगवून झालं की ते लाखेचा हात देत आणि प्रत्येक पत्ता गारगोटीने घोटत, बोटाला काही कळेनासं होईपर्यंत. हे मी रोज पाहिलं होतं. माझ्या लक्षात फक्त वर्ख राहिला.

काव्याचा सपाट कॅट पास झाला. माझं टेबल स्टोअरमध्ये गेलं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण त्यात मशीनचा काय दोष? पत्ते रंगवणाऱ्याने आधी चार डाव खेळून बघावेत, एवढं साधं मला सुचलं नाही.

निघताना अप्पा हळूच म्हणाले, "तुझे ते पत्ते मज दे. व्याही रोज हरवतो मज."

दिले. माझ्या शेवटच्या हँडवर्कला गिऱ्हाईक मिळालं ते लबाडीसाठी.