मुनशीजींची दहावी ओळ

सूर्यभान मास्तर पार थकला होता. पटावर एकवीस नावं, समोर सात पोरं, तीही पेंगणारी. कापसाला असा भाव आला होता की अमरावतीच्या बाजारात बैलबंड्यांची रांग हटत नव्हती, अन् घरची पोरंटोरं वेचणीला नेल्यावाचून कोणाचं भागत नव्हतं. दारोदार फिरून मास्तरच्या वहाणा झिजल्या. "मास्तर, तुमच्या बाराखडीले बोंडं लागतात का?" गाव विचारायचं. अकोल्याचा एक व्यापारी त्याला कापसाच्या काट्यावर कारकून म्हणून बोलावत होता. राजीनामा लिहून तयार होता. उद्या टपालात टाकला की सुटलो, असं त्याला झालं होतं.

त्या दुपारी शाळेत हलीमाबी आल्या, रहमतुल्ला मुनशींची बायको. मुनशीजी जाऊन नऊ दिवस झाले होते. सूर्यभान मातीला गेला होता, पण नंतर त्यांच्या घराकडे फिरकला नव्हता.

आणि काय माणूस होता तो! सूर्यभानला फारशी भाषा, हिशेब, सगळं त्यांनीच शिकवलं, पण छडीला कधी हात लावला नाही. चुकलं की म्हणायचे, "बेटा, हात थकला असन. पानी पिऊन ये." गावात सरकारी शाळा निघाली, तेव्हा घरची शाळा बंद करून आपली बारा पोरं त्यांनी सूर्यभानच्या हवाली केली. वर स्वतःही मागच्या ओळीत मांडी घालून बसले. "कचेरीतून फारशी उठली. मलेबी बाळबोध शिकव, मास्तर." साठी उलटलेला गुरू शिष्याला मास्तर म्हणतो म्हणून लोक हसले. हसोत बापडे.

हलीमाबींनी ओढणीखालून एक कागद काढला. "त्याईचा कित्ता हाये. दुखण्यात लिहून राहिले होते. तुले दाखवाचा राहून गेला."

कागदाच्या माथ्यावर तांबडी शाई होती. 'अक्षर गचाळ. दहादा लिहा.' हात सूर्यभानचाच. एका कंटाळलेल्या संध्याकाळी, कागदांचा ढीग उरकताना, नावसुद्धा न बघता त्यानं ते खरडलं होतं.

खाली ओळी होत्या. 'सावकाश लिहावे, ठळक लिहावे.' पहिल्या थरथरत्या, मग जरा सरळ, मग पुन्हा थरथरत्या. एकूण नऊ.

"दहावी राहिली," हलीमाबी म्हणाल्या. "मी म्हटलं, आता पुरे करा. तर म्हणे, मास्तरनं सांगतलं हाये. अन् त्याचा राग नोको मानू, लेकरू थकलं हाये."

सूर्यभानला रडू आवरेना. तोंड फिरवायचंही त्याला सुचलं नाही. हलीमाबी थोडा वेळ बसल्या, अन् कागद त्याच्यापाशी ठेवून गेल्या.

राजीनामा दुसऱ्या दिवशी टपालात पडला नाही, पुढंही नाही. थकवा मात्र तसाच राहिला. सकाळी सात पोरं आली. त्यातल्या पुंजारामनं पहिलीच ओळ वाकडी काढली अन् भिऊन हात मागं घेतला.

"हात थकला असन," मास्तर म्हणाला. "पानी पिऊन ये."